रखवालदार जहाजाने पिंप जिंकिले त्याची हकीकत

“पिंप न्यायचं तर न्या, पण आधी माझं पाणी तरी काढू द्या!” ऐसे भटारखान्यातील आचारी पुटपुटले, तेथून या मोहिमेस आरंभ जाहला, सबब ती जैशी घडली तैशी येथे लिहिली असे.

युद्धाचे दुसरे साली आठ मालवाहू जहाजांचे रक्षणास एक रखवालदार जहाज तैनात होते. धुके पडिले म्हणजे प्रत्येक जहाजाने दोरास पिंप बांधोन मागे सोडावे आणि मागिलाने ते पाहोन चालावे, ऐसा दर्यावरील शिरस्ता. त्या सकाळी धुके अफाट पडिले आणि रखवालदाराचे पिंप ऐन वेळी फुटके निघाले, मग आचाऱ्यांचे निळे पिंप, ज्यास त्यांचेच लाथेने पोचा पडिला होता, ते जप्त होवोन मागे सुटले.

मग खासा कप्तानसाहेब, पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीस नऊ दिवस उरलेले, अवघ्या खलाशांचे लाडके, यांनी डावे अंगास पिंप देखिले आणि फर्माविले, की हे आपले ताफ्यातील शेवटील जहाजाचे पिंप, याचा पिच्छा सोडू नये. मग जहाज डावीकडे वळले आणि पिंपही डावीकडे वळले, आणि ऐसे दोन प्रहर चालिले. होकायंत्राचा काटा गरगरोन बेजार जाहला. सुकाणी आपले बूट न्याहाळीत राहिला, तांडेल आभाळ. म्हाताऱ्याचे मन कोणी मोडावे?

इतक्यात आचारी चहा घेवोन वरती आले आणि त्यांनी पोचा ओळखिला. त्यांचा पाठचा भाऊ त्या शेवटील जहाजाचे भट्टीत कोळसा टाकीत होता, आणि तेथे रखवालीस आता कोणी नव्हते.

“तात्या, सांगा की साहेबांना,” ते तांडेलास कुजबुजले.

“मी? पुढच्या महिन्यात बढती आहे माझी. तूच सांग. तुझं काय जाणारे, फार तर कांदे चिरायला लावतील.”

मग कप्तानसाहेबांस संशय आला, की बोट दिसत नाही आणि पिंप तेवढे दिसते, तस्मात हा गनिमाचा कावा. तोफेस हुकूम जाहला. दोन गोळे पाण्यात गेले आणि तिसऱ्याने दोर तुटोन पिंप मोकळे जाहले, मग आकडे टाकोन ते सहीसलामत कैद केले. मोठी फत्ते जाहली. दफ्तरी दाखल जाहले, की गनिमाकडील पिंप एक, निळे, हस्तगत. आपले लोकांत जखमी कोणी नाही, सुकाण्यास चक्कर.

मग साक्षीचे सहीस लेखणी आचाऱ्यांचे हाती आली. आचाऱ्यांनी ती खाली ठेविली.

“साहेब, पिंप माझं आहे. सकाळपासून आपण आपल्याच मागे फिरतोय. आणि माझा भाऊ तिकडे एकटा आहे.”