वझलवार सरांच्या खुर्च्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर वझलवार सरांचे. मुलताईहून भोपाळला आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला त्यांनी औषधशास्त्र शिकवलं. तेही शाहपुऱ्यातल्या स्वतःच्या घरी, काकूंच्या हातच्या पोह्यांसकट.

सर औषधं शिकवत ती खुर्च्यांवरून. "शरीर म्हणजे सचिवालय समज. पेशीवरचा रिसेप्टर ही खुर्ची. एक औषध येते, खुर्चीत बसते, फाईल पुढे सरकते. दुसरं येते ते नुसतं बसते. स्वतः काम करत नाही अन् दुसऱ्याला बसू देत नाही. हा ब्लॉकर. असे मी तुलसी नगरात ढीगभर पाहिले!" वडील नागपूरहून बदलून आलेले, त्यामुळे सरांचं लहानपण तिथल्या सरकारी क्वार्टरमध्येच गेलं होतं.

लग्नाच्या पंगतीतही त्यांची वर्गवारी चाले. "तो निळ्या सदऱ्यातला पाह्य. जेवण झालं, तरी उठून नाही राहिला. पक्का ब्लॉकर!"

"अहो, नवरीचा मामा आहे तो," काकू म्हणत. "हळू बोला."

पुढे काकूंना कॅन्सर झाला आणि तो हाडांपर्यंत पोचला. दुखणं दबावं म्हणून दंडावर पट्टी लावलेली असे. तिच्यातलं अफूच्या जातीचं औषध कातडीतून सावकाश अंगात उतरे. सर मात्र होते तसेच. "रडल्याने रिसेप्टरला फरक पडत नाही," म्हणायचे.

या थंडीत एका रविवारी दुपारी मी गेलो, तर सर दारातच उभे. "पाह्य रे, ही उठून नाही राहिली."

काकूंचे ओठ निळसर पडले होते. एक श्वास घेतला की दुसरा येतो की नाही, असं वाटावं इतकं अंतर. दंडाला टेकून गरम पाण्याची पिशवी होती.

"कुडकुडत होती," सर म्हणाले. "मी शेकायला दिली."

उष्णतेनं पट्टीतलं औषध भराभर अंगात उतरतं, हे मला सरांनीच शिकवलं होतं. मी पिशवी बाजूला फेकली, पट्टी ओढून काढली. शेजाऱ्यांच्या गाडीत काकूंना घातलं.

"सुमन, श्वास घे!" सर ओरडले. काकूंनी घेतला. मग पुन्हा शांत. "सुमन!" सांगितलं की घेत होत्या, नाही सांगितलं की थांबत होत्या. सिग्नलला गाडी अडली तेव्हा सर माझ्याकडे वळले. "सांग, यावरचा उतारा काय करते?"

"खुर्चीतल्याला उठवतो, सर."

"अन् स्वतः?"

"नुसता बसतो."

"बरोबर. सुमन, श्वास घे!"

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं सिरिंज भरली. सरांनी त्याचं मनगट धरलं. "बेटा, थोडा थोडा देना. एकदम दोगे तो साँस आएगी, पर दर्द भी पूरा लौट आएगा. बस साँस के लायक दो."

"अंकल, आप बाहर बैठिए."

"मैं नहीं बैठूँगा."

डॉक्टरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि थेंबाथेंबानं देऊ लागला. बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे उघडले. "किती ओरडता हो. लोक पाहून राहिले."

उतारा आधी उठून जातो आणि मूळ औषध मागे राहतं, म्हणून त्यांना देखरेखीखाली ठेवलं. मग घरी आणलं, एक नर्सबाई ठेवली. त्यानंतर सरांनी माझा फोन घेणं सोडलं. शेवटी मी पिपलानीतल्या माझ्या घरून हे पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सा. न.

काल तुम्ही भाजी आणायला गेला होता, तेव्हा काकूंशी फोनवर बोलणं झालं. पिशवीचं त्यांना ठाऊक आहे. म्हणाल्या, 'मीच मागितली होती. पण हे आता मला हातसुद्धा लावत नाहीत रे. सगळं नर्सबाईच करतात.' तुम्ही दारातून त्यांचा श्वास पाहता आणि परत फिरता, तेही त्यांना दिसतं.

सर, पट्टी दंडावर आहे. पाय तिथून लांब आहेत. त्यांचे तळपाय फार गार पडतात म्हणे. हातानं चोळायला काहीच हरकत नाही. मी पुस्तकात पाहून घेतलं आहे.

आपला विद्यार्थी,
प्रकाश"