सासुरवाडीत मी केलेली खास फाइल

कॉम्प्युटर सगळेच वापरतात. पण कॉम्प्युटरला हाक मारून कामाला लावणारा माणूस पनवेल ते मुरूड या पट्ट्यात एकच, तो म्हणजे मी! हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण दुसऱ्या कोणी म्हणायला त्याला त्यातलं काही कळायला नको का?

नागावला माझ्या सासऱ्यांचा, चांगदेवरावांचा, होमस्टे आहे. नारळाच्या वाडीत चार खोल्या, अंगणात जेवायची टेबलं आणि मागे सासूबाईंचं स्वयंपाकघर. तिथली ऑर्डर घ्यायची पद्धत ऐका. माझा मेहुणा परेश अंगणाच्या मधोमध उभा राहून बोंबलायचा, "आये, दोन सुरमई, एक कोलंबी!" आणि आतून सासूबाई त्याच्या वरताण, "कोलंबी संपली रं!" समुद्रावर फिरणाऱ्या माणसालाही कळायचं, आज काय शिल्लक आहे! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशात बातमी आली, की ठाण्याच्या एका टूर कंपनीच्या मृणाली मॅडम रविवारी जेवून बघायला येणार. पसंत पडलं तर हिवाळाभर त्यांचे सगळे ग्रुप आमच्याकडे जेवणार, नाहीतर शेजारच्या वाडीत. सासूबाई आठवडाभर मसाला कुटत होत्या. त्यांच्या हातच्या चवीची परीक्षाच होती ती.

मी जाहीर केलं, "रविवारपासून ओरडणं बंद! व्यवस्था मी करतो."

"जावयबापू बोलले म्हंजे झालं," सासरे म्हणाले. या घरात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. सूर्य पश्चिमेला उगवतो असं मी म्हणालो, तर सासरे पहाटे खुर्ची तिकडे तोंड करून ठेवतील.

आता मी काय केलं ते तुम्हाला कितपत कळेल कोण जाणे, तरी सांगतो. फाइल म्हणजे काहीतरी साठवायची जागा, असं तुम्हाला वाटतं. वाटू दे! खास फाइल वेगळी असते. ती करायला ऑपरेटिंग सिस्टिमला थेट हाक मारावी लागते. त्या हाकेचं नाव एमकेनॉड. फाइलचं नाव सांगायचं, जात सांगायची, हात कोणी लावायचा ते सांगायचं, की फाइल हजर! मी केली ती नळीच्या जातीची. तिच्यात काही उरत नाही, एका टोकाने टाकलं की दुसऱ्या टोकाने बाहेर. परेशने मोबाइलवर ऑर्डर टाकायची, ती नळीतून स्वयंपाकघरातल्या पडद्यावर! त्याच हाकेने जाता जाता एक फोल्डरही करायला गेलो, तर सिस्टिमने परवानगी नाकारली. कॉम्प्युटरलासुद्धा माणसाची पारख नसते!

परेशने चाचरत विचारलं, "भावोजी, ऑर्डर मधेच अडकली तर?"

"अडकायला ती काय तुझी अक्कल आहे?"



रविवारी सकाळी मी अर्धी चड्डी आणि गॉगल चढवून माडाखालच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक खिडकी उघडून नळीतून काय येतं ते तपासलं, चाचणी फक्कड झाली. मग त्याच पडद्यावर क्रिकेटचा सामना लावला आणि पाय पसरले.

जेवणाची गर्दी झाली. परेश चकार शब्द न काढता बोटं चालवत होता. काय शांतता! पण थोड्याच वेळात दोन नंबरच्या टेबलावरचे गृहस्थ उखडले, "अहो, आमच्या मागून आलेले ढेकर देऊन गेले!" त्यापलीकडचे ताटलीवर चमचा वाजवू लागले.

मी तरातरा आत गेलो. तवा तापलेला, माशांना मसाला लावलेला, आणि सासूबाई हात बांधून पडद्याकडे बघत बसलेल्या!

"दोन नंबरचं टेबल उपाशी आहे!"

"त्यांचं न्हाय आलं, बापू. जे येतंय ते करतंय मी."

"न्हाय आलं म्हणजे? मशीन खोटं बोलत नाही, सासूबाई! लक्ष नसतं तुमचं!"

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. सासरे दारात उभे होते. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. "जावयबापू बोलतात म्हंजे तुझंच चुकलं असंल, गोदू."

मी परेशला फर्मावलं, "सगळ्या ऑर्डरी पुन्हा टाक!" त्याने टाकल्या. झालं! एकट्याने जेवायला आलेल्या आजोबांपुढे पापलेटच्या दोन थाळ्या आल्या, आणि दोन नंबरवाले होते तसेच उपाशी. आजोबांनी एक थाळी दोन नंबरला देऊ केली, तर ते शाकाहारी निघाले!

मृणाली मॅडम माझ्या शेजारच्याच टेबलावर होत्या. त्यांची ऑर्डर दोनदा टाकून झाली होती. त्या म्हणाल्या, "इथं जेवण मिळतं, की नुसता वास?"

तेवढ्यात सामन्यात जाहिरात लागली, म्हणून मी ती खिडकी बाजूला सारली. मागे सकाळची चाचणीची खिडकी तशीच उघडी! आणि तिच्यात ओळीने: टेबल दोन, वालाचं बिरडं चार. टेबल पाच, कोलंबी तीन. टेबल सात, मॅडम, पापलेट. पुन्हा टेबल दोन, बिरडं चार. पुन्हा टेबल सात, मॅडम, पापलेट!

नळी एक आणि तोंड लावणारे दोन. एक घोट स्वयंपाकघराचा, एक माझा. मी ओढलेलं आत जाणार कुठून? अर्ध्या अंगणाचं जेवण मी सामना बघत गिळत होतो!

मी सासऱ्यांना खुणेने बोलावलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. नळीचं त्यांना काही कळलं नाही, पण पापलेट कळलं.

"म्हंजे जेवनं हितं हायत?"

"हो."

"आन् तुमी गोदूला बोललात?"

मला खरंच लाज वाटली.

मॅडम ताडकन उठल्या. "काय कुजबुज चाललीय? आणि हे कोण?"

सासऱ्यांनी माझी अर्धी चड्डी पाहिली, गॉगल पाहिला. "हे? गिऱ्हाईक हाय. पनवेलचं."

मग ते स्वतः आत गेले आणि जरा वेळाने मॅडमपुढे पापलेट आलं. पहिल्या घासाला कपाळावरच्या आठ्या गेल्या. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. पण बाई पक्की! ताट संपवून माझ्याकडे वळली.

"तुम्ही मघापासून इथं बसलाय. गिऱ्हाईक म्हणून खरं सांगा. माझी माणसं इथं आणू का? की रोज असाच गोंधळ असतो?"

सासूबाई कालथा घेऊन दारात आल्या होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मी गॉगल काढला. "आणा, मॅडम. त्या माउलींच्या हाताला चव आहे, आणि आज त्यांची काडीची चूक नव्हती. इथं एक दीडशहाणा आहे, तो कॉम्प्युटरला हात लावतो. भानगड तेवढीच."

"मग हाकलत का नाही त्याला?" मॅडमनी सासऱ्यांना विचारलं.

सासऱ्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "कसा हाकलनार? जावई हाय!"

"अरेरे!" मॅडम कळवळल्या. "ठरलं तर. या महिन्यापासून माझे ग्रुप इथंच. पण ते येतील तेव्हा जावयाला त्याच्या घरी पाठवा."

"व्हय, व्हय!" सासरे, सासूबाई आणि परेश एका सुरात म्हणाले.

मीही मान डोलावली. गिऱ्हाईक होतो ना!