टेबलाखाली कोणी नाही

“एकच सांगून ठेवते,” चपला पायात सरकवता सरकवता आई म्हणाली, “आज परीक्षेत तिला बोलू द्या. तुम्ही तोंड उघडू नका.”

“मी कशाला उघडतोय?” तिचा सुतार नवरा म्हणाला.

“तुम्हाला राहवत नाही म्हणून सांगते.” एवढं बोलून तिने मास्क लावला आणि ती औषधांच्या दुकानात कामाला निघून गेली. त्या दिवसांत आजूबाजूची बाकी सगळी दुकानं बंद होती, पण औषधांचं दुकान मात्र दुप्पट चालू होतं.

ती म्हणाली त्यात काही खोटं नव्हतं. दुसऱ्याचं काम चुकताना नुसतं बघत बसायचं, हे सुताराच्या रक्तातच नव्हतं. शेजारी कोणी भिंतीत खिळा ठोकत असला, तर हा आधी “जरा डावीकडे” म्हणायचा आणि मग त्याच्या हातातून हातोडीच काढून घ्यायचा. साथ आली, त्याच्या कारखान्याला कुलूप लागलं आणि मुलीची शाळा फोनमधून घरात शिरली. शाळा त्याच्या गळ्यात पडली ती अशी.

मुलगी सात वर्षांची. घरात तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण डोळे उघडल्यापासून ते मिटेपर्यंत तिच्या तोंडाची टकळी थांबायची नाही. झोपेतही थांबायची नाही, असं आईचं म्हणणं. पण फोनवर वर्ग सुरू झाला की हीच पोर तोंडात मूग गिळून बसायची. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. आधी बाईंना वाटलं, फोन बिघडलाय. मग सुतारालाही तसंच वाटलं आणि त्याने फोन उघडून बघायचं ठरवलं. आईने पेचकस लपवून ठेवला म्हणून फोन वाचला.

शेवटी बाईंनीच फोन केला. “हे बघा, वर्षभरात तिचा एक शब्द ऐकला नाही मी. शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. त्यातही बोलली नाही, तर तिला याच वर्गात पुन्हा बसवा असं मला लिहून द्यावं लागेल. माझाही इलाज नाही हो.”

सुताराने टकळीला मांडीवर घेतलं. “का गं बोलत नाहीस? बाई रागावतात का?”

“नाही.”

“मग?”

“कोणाकडे बघून बोलू?” टकळी म्हणाली. “बाईंकडे बघितलं तर त्या भलतीकडेच बघत असतात. बाकीचे सगळे डब्यात बसलेत. आणि एका डब्यात मीच आहे. माझ्याशीच काय बोलू?”

उत्तर नसलं की तो काहीतरी बनवायला घ्यायचा. त्याने घरात पडलेल्या फळ्या जमवल्या आणि टकळीच्या उंचीचं एक सुंदर टेबल केलं. वर फोन उभा करायला खाच, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि पाय ठेवायला खाली एक आडवी पट्टी. टेबल झकास झालं. फक्त त्यावर रेललं की ते कुरकुरायचं.

“बाबा, हे बोलतंय,” शुक्रवारी सकाळी टकळी म्हणाली. “मी नाही बोलले आणि हेच बोललं तर?”

मुद्दा बिनतोड होता. सुताराने लगेच पिवळ्या गोंदाचा डबा काढला. प्लायवर सनमायका चिकटवतात ना, तो हा गोंद. एकदा धरलं की आईच्या मायेने धरतो. टेबलाच्या पोटाला त्याने तो सढळ हाताने फासला, त्यावर लाकडाची एक पट्टी दाबून बसवली, तसा गोंद चहूबाजूंनी बाहेर आला, आणि बजावलं, “दुपारपर्यंत खालून कोणी हात लावायचा नाही!” हा हुकूम ऐकायला घरात दोनच माणसं होती. त्यातलं एक तो हुकूम साफ विसरून गेलं.

परीक्षा सुरू झाली. फोनवर मुलांच्या चौकटी भरल्या. बाईंनी चष्मा सारखा केला. “प्रत्येकाने खोलीत एकट्याने बसायचं. आई, बाबा, आजी, आजोबा, कोणीही नको. आणि मोठ्याने बोलायचं! काय? मोठ्याने! मला आवाज येत नाही!” मोठ्याने बोला हे बाईंचं पालुपद होतं. कोणी शिंकलं तरी त्या मोठ्याने शिंक म्हणायच्या.

सुतार निमूटपणे उठला. तेवढ्यात टकळीने त्याची करंगळी पकडली. तोंडाने काही बोलली नाही, पण सोडलीही नाही. आता अशा वेळी कुठला बाप खोलीबाहेर जाईल, सांगा! एकीकडे बाईंचा नियम, दुसरीकडे ती करंगळी. सुताराने मधला मार्ग काढला आणि तो टेबलाखाली शिरला. शिरता शिरता पाठ्यपुस्तकही बरोबर घेतलं. बसायचंच आहे तर रिकाम्या हाताने कशाला? बायकोने बोलू नका असं सांगितलं होतं खरं, पण कुजबुजू नका असं काही ती म्हणाली नव्हती.

एकेक करत टकळीची पाळी आली.

“सांग बरं,” बाई म्हणाल्या, “पावसाचं पाणी जमिनीवर पडलं की पुढे कुठे कुठे जातं?”

टकळी गप्प.

“नदीत,” टेबलाखालून कुजबुज आली. “नदीत म्हण.”

टकळी गप्पच. तिचे पाय तेवढे जोरजोरात हलत होते.

“तळ्यात! विहिरीत! जमिनीत मुरतं, मुरतं म्हण!” तिला ऐकू जात नसेल असं वाटून सुतार जरा वर सरकला, आणि त्याच्या डोक्याला काहीतरी गार, मऊ लागलं.

धंद्यातला माणूस तो. त्याला तत्क्षणी कळलं, पण कळून उपयोग काय? केस कापायची दुकानं कित्येक महिने बंद होती. डोक्यावर ही जटा वाढली होती. ती सगळीच्या सगळी त्या गोंदात जाऊन बसली. त्याने डोकं खाली ओढलं, तशा डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. वर ढकललं, तर टेबलच उचललं गेलं. फोन खाचेतून निसटून उताणा पडला आणि वर्गाला टकळीच्या घराचं छत दिसू लागलं.

“अगं, काय झालं? भूकंप का?” बाई ओरडल्या. “कोण आहे तिथे?”

“कोणी नाही, बाई!” टेबलाखालून जाडजूड आवाज आला.

चौकटींतले सगळे चेहरे फोनच्या जवळ आले.

“‘कोणी नाही’ला मिशा असाव्यात असं वाटतंय,” बाई म्हणाल्या.

सुताराने कपाळावर हात मारायला हात उचलला. तोही गोंदाला लागला असता, पण त्याच वेळी डोक्यावरून टकळीचा आवाज कडाडला.

“बाबा, हलू नकोस! हातही लावू नकोस! हलशील तेवढा आणखी चिकटशील!”

“कोण चिकटलं?” बाईंनी विचारलं.

टकळीने फोन उचलला आणि सरळ टेबलाखाली धरला. सगळ्या वर्गाला दर्शन झालं. मान वाकडी, डोळे लाल, डोकं टेबलाला टांगलेलं आणि हातात दुसरीचं पाठ्यपुस्तक. सुताराने कसनुसं हसून बाईंना नमस्कार केला.

“हा माझा बाबा,” टकळी म्हणाली. “तो सुतार आहे. हे टेबल त्यानेच केलंय. ते कुरकुरत होतं म्हणून त्याने सकाळी गोंद लावला आणि मला म्हणाला, हात लावू नकोस. मी नाही लावला! त्यानेच डोकं लावलं!”

“बरं बरं,” बाईंच्या आवाजात काहीतरी बदललं. त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. “हा गोंद पाण्याने निघतो का गं?”

“छे! पाण्याने कसा निघेल? पाण्याने निघाला तर ओट्याखालची कपाटं सुटून येतील ना! याला तेल लागतं. बाबाच्या हाताला लागला की तो तेल चोळतो, मग गोंदाच्या गोळ्या होतात.”

“पण केस आहेत ते. सरळ कापूनच टाकले तर?”

“आधी तेल, बाई. कात्री शेवटी. आधीच कापले तर बाबा कसा दिसेल?”

टकळीने फोन खुर्चीवर टेकवून ठेवला आणि ती तेल आणायला पळाली. तिची पाठ वळली मात्र, एका चौकटीतून घोगरा आवाज आला, “तेलाने काही होणार नाही. रॉकेल लावा, रॉकेल!”

त्या चौकटीत एक मुलगा बसला होता आणि त्याच्या मागे फक्त पडदा होता. बोलला होता तो पडदा.

“रॉकेल काय, वेड लागलंय का?” दुसऱ्या चौकटीत कपाटाचं दार उघडलं आणि आतून एक आई बाहेर आली. “पेट घेईल ना माणूस! भाऊ, तुम्ही अजिबात ऐकू नका त्यांचं.”

“मी माझं ते सांगितलं,” पडद्याआडून एक आजोबा रागारागाने बाहेर आले. “लाकडाचा धंदा केलाय मी, कपाटात बसून सल्ले नाही देत!”

“तुम्ही तरी कुठे बसला होतात?”

मग काय विचारता! लोकांना स्वतःची लाज एक वेळ आवरेल, पण दुसऱ्याला द्यायचा सल्ला आवरत नाही. कोणी पलंगाखालून निघालं, कोणी दारामागून. एक काका उश्यांच्या ढिगातून उठले आणि त्यांनी मैदा लावायला सांगितलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, त्या सगळ्या आज एकदमच पेटल्या. बाई टेबलावर हात आपटून आपटून दमल्या. “शांत बसा! अहो, मी एकट्याने बसायला सांगितलं होतं! मुलांनो, तुमच्या घरी किती ‘कोणी नाही’ आहेत?”

त्याच वेळी बाईंच्या स्वतःच्या चौकटीतून, कुठून तरी खालून, एक थकलेला पुरुषी आवाज आला. “अगं, त्यांना बर्फ लावायला सांग. आणि मी येऊ का आता बाहेर? ही वायर धरून धरून गुडघे गेले माझे.”

बाईंचा चेहरा लाल झाला. “आमचे हे,” त्या हळूच म्हणाल्या. “प्लग सैल आहे. हाताने दाबून धरावा लागतो.”

यावर सगळ्यात मोठ्याने हसला तो सुतार. डोकं हलल्याने लगेच कळवळलाही.

टकळी तेलाची बाटली घेऊन आली, आणि पुढे एवढ्या मोठ्या माणसांचं कोणाचंही काही चाललं नाही. हुकूम सुटत होते ते तिचे. “आजोबा, रॉकेल नको. काकू, तुम्ही बरोबर म्हणालात. बाबा, मान सैल सोड. रडू नकोस, झालंच.” काय करतेय आणि का करतेय हे ती वर्गाला सांगत होती, बाई मधूनमधून विचारत होत्या, आणि तेल ओघळत ओघळत सुताराच्या नाकावर येत होतं. बरेचसे केस सुटले. जे सुटले नाहीत, त्यांना शेवटी कात्री लागली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“बाई,” सुतार बाहेर येत काकुळतीने म्हणाला, “चूक माझी आहे. तिला नापास करू नका. पाणी जमिनीत मुरतं हे येतं हो तिला.”

“अहो, गेला अर्धा तास कोण बोलत होतं मग?” बाई म्हणाल्या. “इतकी तोंडी परीक्षा आजवर कोणी दिली नाही मला. पास आहे ती. तुमचं मात्र बघावं लागेल.”

सुताराने टकळीला उचलून घेतलं. तीही तेलकट झाली.

संध्याकाळी आई आली. तिने नवऱ्याच्या डोक्यावरचं मोकळं मैदान बघितलं, मग वाकून टेबलाच्या पोटाला चिकटलेला केसांचा झुपका बघितला. “तोंड उघडू नका म्हणाले होते ना मी?” ती म्हणाली. मग टकळीचा निकाल ऐकला आणि पदराने डोळे पुसत, हसत हसत तिने नवऱ्याच्या सगळ्याच डोक्यावरून शेजारून आणलेलं केस कापायचं यंत्र फिरवून एकदाचं सारखं करून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून सुताराला फोन यायला लागले. त्या कपाटातल्या आईचा आला, उश्यांतल्या काकांचा आला. सगळ्यांना तस्संच टेबल हवं होतं. “फक्त खाली जरा ऐसपैस जागा ठेवा,” प्रत्येक जण आवाज खाली आणून सांगायचा. सुताराने एकट्यापुरतं कारखान्याचं कुलूप काढलं. दिवसभर रंधा चालू लागला.

पुढची तोंडी परीक्षा आली त्या सकाळी टकळीने टेबलाखाली एक उशी नेऊन ठेवली.

“आता कशाला गं?” सुतार म्हणाला. “आता तर बोलतेस की तू.”

“उत्तरं सांगायची नाहीत. पुस्तक पण नको. नुसतं बसायचं. खाली तू असलास की मला कळतं, कोणाला सांगायचं ते.”

सुतार खाली जाऊन बसला. बसण्याआधी त्याने टेबलाचं पोट हाताने नीट चाचपून घेतलं. टकळीने एक पाऊल त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. आठवडाभराच्या कामाने अंग आंबलं होतं. लेकीचा आवाज वर झुळझुळत होता, आणि उशी तर मऊच होती.

“मोठ्याने बोल!” बाई म्हणाल्या. “मला आवाज येत नाही!”

टकळीने ओठांवर बोट ठेवलं. “बाई, जरा हळू बोला ना. बाबा झोपलाय.”

बाईंनी आवाज खाली आणला आणि पुढचा प्रश्न कुजबुजत विचारला. टकळीने त्याचं उत्तर दिलं, आणि मग न विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांचीही दिली.