वळण लागलेल्या खुर्च्या

जयसिंगपूरच्या मगदूमांच्या घरात आण्णा खोलीत आले, की खुर्च्या उठून उभ्या राहतात. बैठक ताडकन सरळ होते आणि बसलेला माणूस घसरून जमिनीवर येतो.

आण्णांना याचा भारी अभिमान. नवी खुर्ची आली, की ते आधी तिला आपल्या खोलीत ठेवून वळण लावत. त्यामुळे त्यांनाही बसता येईना, आणि जमिनीवर बसणं कमीपणाचं. म्हणून ते उभ्यानं जेवत आणि उभ्यानंच सगळ्यांना शहाणपण शिकवत. ते शहाणपण त्यांच्यापाशी आहे का, हे कुणी तपासलं नव्हतं.

सून सुनंदाबाईंचे गुडघे मात्र गेले होते. फार उभं राहायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. खुर्चीवर बसावं, तर आण्णा दिवसभर घरात फिरत.

"आई, आता पडलीस तर अंथरूणच धरशील," मुलगी पद्मजा म्हणाली.

पद्मजा फर्निचरच्या कॉलेजातून मध्येच निघून आली होती. तिथले सर परदेशी पुस्तकातल्या सहाफुटी माणसासाठी खुर्च्या करायला शिकवत. तसला माणूस मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत नाही. पद्मजानं आईला न्हाणीत पालथ्या बादलीवर बसवून मापं घेतली, कारण तिथं आण्णा येत नसत. पाऊल पुरतं टेकेल एवढी उंची, खुर्चीच्या दोन हातांमध्ये सूप मावेल एवढी रुंदी. घरामागच्या शेडमध्ये खुर्ची तयार होईपर्यंत तिनं एकाही वडीलधाऱ्याचं व्याख्यान खुर्चीच्या कानावर पडू दिलं नाही.

सुनंदाबाई सूप घेऊन बसल्या आणि आण्णा आले. बाकीच्या खुर्च्या उठल्या. ही जागची हलली नाही. सुनंदाबाईच सवयीनं उठायला लागल्या, तेव्हा खुर्चीनं त्यांना हातांनी धरून परत बसवलं.

"हिला वळण न्हाई!" आण्णा कडाडले.

"लावलंच नाही," पद्मजा म्हणाली.

"मोठ्यांसमोर बसून ऱ्हाते?"

"बसायलाच केलीय, आण्णा."

आण्णांनी या पायावरचा भार त्या पायावर घेतला. मग म्हणाले, "मलापण असली एक कर की."

"करते. पण माप बसल्यावरच घेता येतं."

आण्णांनी बाकीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. त्या अदबीनं उभ्या होत्या.

"बसू कशावर गं?"

"न्हाणीत बादली आहे."

"बादली? मी?"

"मग थांबा. आईचे तांदूळ निवडून झाले, की ही मोकळी होईल."

सुनंदाबाईंनी सूप पाखडलं, एक खडा वेचून बाजूला ठेवला आणि पुढचा शोधू लागल्या. तांदूळ बरेच होते. आण्णा भिंतीला टेकून उभे राहिले.