सीलबंद अकरा बाटल्या

सुकदेवचे थोरले भाऊ निंबा गावाहून सुरतेजवळ उधन्याला आले, ते सुकदेवच्या मुलीचं, सुलभाचं कॉलेज बंद करायचं ठरवूनच आले. पायावर पाणी घेतलं, खाटेवर बसले आणि पहिलंच वाक्य बोलले, "सुकदेव, पोरले आजून कितलं शिकाडशी? नंदुरबारना पोरगा शे. तलाठी शे."

सुकदेवच्या घराण्यात निंबाभाऊंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. सुकदेव कापड गिरणीत सायझिंगच्या खात्यात पंधरा वर्षं ताण्याच्या सुताला खळ चढवत होता, चाळीत चार माणसं त्याचा सल्ला घेत, पण भावासमोर तो अजून शाळेतल्यासारखाच उभा राही. आज मात्र तो थोडा धीट झाला होता. कारण विषय सुलभाचा होता आणि सुलभाच्या विषयावर सुकदेवला थांबवणं भल्याभल्यांना जमलं नव्हतं.

सुलभा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रसायनशास्त्र घेतलं होतं. कॉलेजात एकदा सरकारी प्रयोगशाळेतले एक साहेब व्याख्यानाला आले होते. रक्ताचा डाग, विष, खोटी सही हे सगळं तपासून कसं पकडतात ते त्यांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून सुलभाने ठरवून टाकलं की नोकरी करीन तर तिथंच. सुकदेवने त्या व्याख्यानाचा सारांश खात्यातल्या प्रत्येक कामगाराला ऐकवला होता, काहींना दोनदा.

"भाऊ, कोठे खून व्हयना ना, का पोलीस पहिले मनी पोरले इचारतीन," तो निंबाभाऊंना म्हणाला.

"बा, पहिले डिग्री तर होऊ द्या," सुलभा आतून म्हणाली.

निंबाभाऊंनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हाऊ चहा शे का पानी? दूध देस तो काय मिसाळस त्यामा, ते तरी सांगी का तुनी पोर?"

झालं. सुकदेवला हेच हवं होतं. चाळीला दूध घालणाऱ्या मगनबद्दल बायका रोज कुरकुरत होत्या. आज रविवार, खातं बंद, भाऊ समोर बसलेले आणि घरात शास्त्रज्ञ! सुकदेवने तिथल्या तिथे जाहीर केलं की सुलभा मगनच्या दुधाची तपासणी करील.

"मला एकच परीक्षा येते घरी करायला," सुलभा म्हणाली. "दुधात पीठ मिसळलं असेल तर टिंचर आयोडीनच्या थेंबाने ते निळं होतं. बाकीचं नाही सांगता येणार."

"एक बस झाली!"

"आणि नमुना नीट घ्यावा लागतो. वेगळ्या बाटलीत, नाव लिहून, सील करून. नाहीतर त्याला पुरावा म्हणत नाहीत."

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. पुरावा हा शब्द ऐकताच सुकदेव पायात चपला घालून बाहेर पडला. अर्ध्या तासात डझनभर छोट्या बाटल्या घेऊन आला, मोरीत बसून स्वतः विसळल्या, आणि चाळीत दारोदार फिरून अकरा घरचं दूध गोळा केलं. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावली, तोंडावर लाख ओतली आणि लाखेवर खात्यातला आपला पितळी बिल्ला दाबला. मंगलाबाईंनी दूध द्यायला जरा कां-कू केली, तेव्हा तो म्हणाला, "सरकारी काम शे, वहिनी." सरकारचा या कामाशी काडीचा संबंध नव्हता, पण त्याचा चेहरा तसा होता खरा.

दुपारी व्हरांड्यात पाट मांडला. त्यावर अकरा बाटल्या ओळीने. सारी चाळ गोळा झाली. निंबाभाऊंना खुर्ची दिली. सुलभाने पहिलं सील फोडलं आणि टिंचरचा थेंब सोडला. बाटलीतलं दूध निळं झालं. बायकांनी "अगं बाई!" केलं. दुसरी बाटली निळी. तिसरी निळी. अकराच्या अकरा निळ्या झाल्या तेव्हा सुकदेवचा आवाज समोरच्या चाळीपर्यंत गेला.

"पाह्यं ना भाऊ? पाह्यं ना?"

निंबाभाऊ खुर्चीतून उठले, वाकून बाटल्या पाहिल्या आणि म्हणाले, "पोर हुशार शे तुनी." सुकदेवचे डोळे भरून आले. उभ्या आयुष्यात भावाने त्याच्या घरातल्या कुणालाही हुशार म्हटलं नव्हतं.

चार वाजता मगन संध्याकाळचं दूध घेऊन आला. सायकल स्टँडवर लावायलाही त्याला वेळ मिळाला नाही. मंगलाबाईंनी हँडल धरलं, चाळीतल्या भटूने कॅन उतरवले, बाकीच्यांनी मगनला चाळीसमोरच्या पिंपळाखाली बसवलं. "आमच्या पोरांना पीठ पाजतो?" मगन शपथांवर शपथा घेत होता, पण अकरा बाटल्यांपुढे शपथेला कोण विचारतो? भटू चौकीवर पोलिसाला बोलवायला निघाला, आणि लवकर पोचावं म्हणून मगनचीच सायकल घेऊन गेला.

सुलभा घरात होती. पोलीस येणार म्हणजे परीक्षा पुन्हा करून दाखवावी लागणार. साधं पाणी निळं होत नाही हेही शेजारी दाखवलं तर बरं, म्हणून तिने उरलेल्या बाराव्या बाटलीत माठातलं पाणी घेतलं आणि थेंब टाकला.

पाणी निळं झालं.

तिने पेल्यात तेच पाणी घेतलं, थेंब टाकला. ते टिंचरच्या रंगाने नुसतं पिवळसर झालं. ती बाटली घेऊन दारात उभ्या सुकदेवकडे गेली.

"बा, ह्या बाटल्या कुठून आणल्या तुम्ही?"

"खात्यातून. खळ घट्ट शे का पातळ, ते पाहाले फोरमन त्यामा भरी ठेवस." सुकदेव अजून हसतच होता. "दोन डाव इसळ्यात मी."

"खळ कशाची असते?"

"स्टार्चनी. म्हंजे पीठनीच," सुकदेव म्हणाला आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. पंधरा वर्षं हाताला चिकटणारी खळ वाळली की दोन वेळा विसळून निघत नाही, हे सबंध उधन्यात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग सुकदेव हळूच म्हणाला, "सहा वाजता भाऊनी गाडी शे. गाडी जाऊ दे. मंग सांग."

"तोवर मगनभाईला चौकीत नेतील."

"सांगशी तं कॉलेज जाई, बेटा. भाऊ आत्ताच तुले हुशार म्हनेल शे."

सुलभाला तलाठी डोळ्यांपुढे दिसला असावा. तरी ती म्हणाली, "पण बा, मी शिकते ते ह्याच्यासाठीच ना? नसलेला गुन्हा माणसाच्या गळ्यात पडू नये म्हणून."

सुकदेवने मान खाली घातली, मग दारातून बाजूला झाला.

ती पिंपळाखाली गेली. "मगनभाईच्या दुधात पीठ नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पीठ बाटल्यांत होतं. आधी कोरी बाटली तपासायची असते, ती मी तपासली नाही. चूक माझी आहे." तेवढ्यात मागून सुकदेव म्हणाला, "बाटल्या मी आन्यात. धोयात बी मीच."

मगन उडी मारून उठला. अपमान धुऊन निघाल्याचा आनंद त्याला आवरेना. छातीवर हात आपटून तो ओरडला, "हुं कहेतो हतो ने! माताजीना सम, वीस वरसमां पाणी सिवाय काई नथी नाख्युं!"

पाण्याशिवाय वीस वर्षांत काहीही घातलं नाही, हे मगनने स्वतःच्या तोंडाने, चाळीस माणसांसमोर, देवीची शपथ घेऊन सांगितलं होतं. आपण काय बोललो हे त्याला सर्वांत शेवटी कळलं. मंगलाबाईंनी या वेळी त्याचा हातच घट्ट धरला.

निंबाभाऊ हसले. सुकदेवने त्यांना असं पोट धरून हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. हसू ओसरल्यावर त्यांनी सुलभाच्या डोक्यावर हात ठेवला. "सोतानी चूक सगळासमोर सांगी टाकी पोरनी. शिकू दे तिले. तलाठीकडे मी निरोप धाडी देस." मग भावाकडे वळून म्हणाले, "पन सुकदेव, तिना कामले हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात पाय ठेवल्याबरोबर सुकदेवने यंत्राशेजारच्या लोटूला गाठलं.

"मनी पोरनी काल एका दिवसात दोन चोर पकडात!"

"दोन? एक तो दूधवाला. आनि दुसरा?"

"दुसरा मी," सुकदेव छाती पुढे काढून म्हणाला.