हिसकावलेल्या चेंडूंचा रकाना

इंदूरच्या सचिवालयाशी सामना ठरला, त्याच दिवशी मानसिंगराव साहेबांनी भालचंद्रला आत बोलावलं. सन छप्पन्न. मध्य भारत मोडून नवं राज्य होणार होतं, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरच्या सांख्यिकी कार्यालयातून तिकडे कोण जाणार, ती यादी साहेबांच्या टेबलावर अर्धवट पडली होती.

“बास्केटबॉलचा संघ आकड्यांवर निवडायचा, भालचंद्र. वशिला नको. काम चोख झालं तर यादीत तुमचं नाव येणार नाही.”

भालचंद्रची बायको शरयू नई सडकेजवळच्या शाळेत शिकवायची. “भोपाळला खुशाल जा, पत्र टाकत राहा,” एवढंच ती म्हणाली होती. तेव्हा भालचंद्र आठवडाभर मैदानाकडेला खुर्ची टाकून बसला. नेम किती लागले, किती चुकले, हातातला चेंडू किती वेळा गेला, सगळं रजिस्टरात उतरलं.

बेरीज झाली. पहिला नंबर मानसिंगरावांचा. वय बावन्न, व्यायामाला म्हणून येणारे. चौदातले बारा नेम अचूक. चेंडू गमावला, शून्य वेळा.

“आकडाच बोलतोय तर माझा इलाज नाही,” साहेब लाजत म्हणाले.

उमाजी संघातला सगळ्यात चपळ. त्याने कपाळावर हात मारला. “अरे यार, साहेबांच्या हातातून चेंडू कोण छीनेल? मी तर बाजूला होतो. माझे वडील त्यांच्या वडिलांना मुजरा करायचे!”

“ते कुठल्या रकान्यात लिहू?”

“मत लिख. अब भुगतो!”

इंदूरकरांवर असे संस्कार नव्हते. पहिल्याच मिनिटाला एका हडकुळ्या कारकुनाने साहेबांचा चेंडू पळवला. साहेब हात पुढे करून उभेच राहिले. त्यांना वाटलं, आणून देईल. सामना एक्केचाळीस-नऊने गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजिस्टर मागवलं. “इथे सरावात शून्य अन् तिथे सामन्यात सत्तावीस?”

“दोन्ही बरोबर आहेत, साहेब. इथे आपल्या हातातून कोणी काही घेत नाही.”

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी परिपत्रक काढलं: सरावात सर्वांनी माझा चेंडू हिसकावावा, जो पहिला हिसकावेल, तो ग्वाल्हेरातच राहील. सगळ्यांनी ‘वाचले’ म्हणून सह्या केल्या.

संध्याकाळी साहेब चेंडू घेऊन मधोमध उभे. उमाजी तीरासारखा धावत आला आणि ऐन वेळी बुटाची नाडी बांधायला वाकला. बाकीचे घाम पुसत राहिले. शेवटी भालचंद्रच खुर्चीवरून उठला, धोतर सावरत साहेबांपुढे पोचला. हात उचलला आणि तोंडून निघून गेलं, “साहेब, घेऊ का?”

“अं? घ्या, घ्या,” म्हणत साहेबांनी चेंडू त्याच्या ओंजळीत ठेवला.

“लिख दे हिसकावला!” उमाजी कानाशी कुजबुजला. “रजिस्टर तुझं, कलम तुझी!”

शरयूचा चेहरा आठवला, तरी भालचंद्रची लेखणी त्या रकान्यात उतरेना. ‘मिळाला’ लिहावं तर भोपाळ. अखेर त्याने पट्टी लावून नवीन रेघ ओढली आणि वर लिहिलं: ‘परवानगीने हिसकावलेले’. खाली एक.

साहेबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “वा! हा बारकावा! हा रकाना नव्या सरकारला रोज लागणार, भालचंद्र. तुम्हाला इथे ठेवणं म्हणजे राज्यावर अन्याय होईल.”

आणि त्यांनी यादीच्या पहिल्या ओळीत वळणदार अक्षरात त्याचं नाव लिहिलं.

“उपकार झाले, साहेब,” भालचंद्र म्हणाला.