हसुराम तात्यांच्या लेकीचे शेअर

हसुराम तात्या टॅक्सला टॅक्स म्हणत नाहीत. खंड म्हणतात. कुळाने जमीनमालकाला भात मापून द्यायचा, तो खंड. त्यांच्या आज्याने तो आयुष्यभर दिला, त्यामुळे आपल्या हातातलं कोणी काही कापून नेलं की तात्यांना दुसरा शब्द आठवत नाही. "बाय, औंदा खंड किती?" असं मोठ्याने विचारत ते माझ्या ऑफिसचा जिना चढतात, तेव्हा खालच्या भांड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं माना वर करून बघतात.

पनवेलमध्ये मी अठरा वर्षं लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरते आहे. व्यापारी आले, डॉक्टर आले, जमिनी विकून अचानक श्रीमंत झालेले आले. पण अमेरिकेतल्या कंपनीच्या शेअरवरचा कर भाताच्या भाषेत समजून घेणारा आणि नंतर मलाच तो शिकवणारा माणूस एकच.

तात्या मूळचे उलव्याकडचे. भातशेती नव्या शहरासाठी गेली तेव्हा ते विचुंब्याला येऊन राहिले. ("सरकारनं खंड घेतला नि भूखंड दिला," असं ते सांगतात.) बायको सहा वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी वैशाली बंगळूरला, एका अमेरिकन कंपनीत. नावात हसू असलं तरी तात्यांचा चेहरा भरतीची वाट बघत बसलेल्या माणसासारखा असतो. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल आणि हातात बियाण्याची रिकामी पिशवी. त्या पिशवीत लेकीचे कागद.

पहिल्यांदा त्यांना माझ्याकडे पाठवलं ते एका हवालदाराने. तात्या चौकीत चोरीची तक्रार द्यायला गेले होते. लेकीला कंपनीने चाळीस शेअर बक्षीस दिले, खात्यात आले सत्तावीस, तेव्हा तेरा शेअर चोरीला गेले आहेत, असं त्यांचं म्हणणं. हवालदाराने माल कुठे ठेवला होता ते विचारलं. तात्यांनी अमेरिकेत असं सांगितलं. हवालदार माझा जुना अशील. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझा पत्ता दिला.

मी त्यांना बसवून समजावलं. असे शेअर कंपनी आज कबूल करते, पण हातात देते ठरलेल्या तारखेला, आणि तोपर्यंत नोकरीत टिकलात तरच. ज्या दिवशी ते हातात येतात, त्या दिवशीच्या बाजारभावाने त्यांची किंमत धरतात आणि ती पगारातच मिळवतात. म्हणजे त्या दिवशी जणू तेवढा पगार झाला. त्यावर पगारासारखाच कर लागतो. तो भरायला कंपनी त्यातलेच काही शेअर विकते आणि उरलेले तुम्हाला देते. चाळिसातले तेरा गेले ते असे.

तात्यांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे खळ्यावरच खंड मापून नेला."

त्याहून नेमकं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तेव्हापासून आमच्यात तीच भाषा ठरली. कंपनीने शेअर कबूल केले की पेरणी. हातात आले की पीक. मधल्या काळात ते उभं पीक, दिसतं पण आपलं नाही. हल्ली माझ्याकडे येणारी आयटीतली मुलंसुद्धा पुढचं पीक मार्चमध्ये आहे, असं सांगतात आणि स्वतःच दचकतात.

त्यांचा पुढचा संशय होता की विकताना पुन्हा खंड पडतो, म्हणजे एकाच भातावर दोनदा. मी सांगितलं, दोनदा नाही. खळ्यावर जो भाव धरला ती तुमची खरेदी. त्याच्यावर जेवढं जास्त मिळेल तेवढ्या फायद्यावरच दुसरा कर. कमी मिळालं तर तो तोटा, आणि तो पुढे असल्या फायद्यातून वळता करता येतो. परदेशी शेअर दोन वर्षांहून जास्त ठेवून विकले तर फायद्यावर साडेबारा टक्के.

साडेबारा टक्के हा आकडा ऐकला की विचुंब्यापासून उलव्यापर्यंतची म्हातारी माणसं कान टवकारतात. जमिनी गेल्या तेव्हा त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली होती. तिच्यासाठी पायपीट करण्यात एका पिढीच्या चपला झिजल्या. तात्यांनी खात्री करून घेतली की या वेळी साडेबारा टक्के मिळणार नसून द्यायचे आहेत. मग ते खांदे हलवत आवाज न करता हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

त्यांनी माझी लाज काढली तीही याच विषयात. वैशालीने काही शेअर विकले होते आणि अमेरिकेतल्या दलालाच्या कागदावर खरेदी किंमत शून्य छापलेली होती. जुलैचा शेवटचा आठवडा, बाहेर रांग. मी डोळे झाकून शून्य भरलं. तात्यांनी छापील कागद बोट फिरवत वाचला. इंग्रजी त्यांना आकड्यांपुरतं येतं, पण आकडे येतात. एका जागी बोट थांबवून ते हळूच म्हणाले, "बाय, खळ्यावरचा भाव लिव." मी चूक दुरुस्त केली. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. फक्त बाहेरच्या रांगेतल्या सगळ्यांना सांगितली.

परदेशातले शेअर विकले नाहीत तरी दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवावे लागतात, लपवले तर दंड मोठा आहे, हे कळल्यावर मात्र तात्यांनी गावाची जबाबदारी घेतली. भावकीतल्या एका लग्नात, हळदीला, बेंजो वाजत असताना ते नवरदेवाच्या कानाशी वाकले. नवरदेव परदेशी कंपनीत इंजिनिअर. सगळ्यांना वाटलं म्हातारा आशीर्वाद देतोय. तात्यांनी त्याला विचारलं होतं की परदेशी माल दाखवलास का. हळदीच्या खाली पोराचा चेहरा कसा झाला ते कळायला मार्ग नव्हता, पण लग्नानंतर चौथ्या दिवशी तो माझ्या ऑफिसात आला. त्याची नखं अजून पिवळी होती.

तर असे तात्या. दर रविवारी सकाळी वैशालीशी फोन, आणि सोमवारी माझ्याकडे हजेरी. भाव काय, डॉलर काय, उभं पीक किती. मार्चअखेरचं पीक सगळ्यात मोठं होतं, शंभर शेअरचं. तात्यांनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला होता.

फेब्रुवारीत वैशाली गावच्या जत्रेला आली आणि सही करायचं निमित्त काढून माझ्याकडे आली. तिला मी फोटोत पाहिलं होतं. समोर बसलेली मुलगी त्या फोटोतल्या मुलीची आजारी थोरली बहीण वाटत होती. ती म्हणाली की कित्येक महिने झोप नाही. डॉक्टरांनी काही दिवस काम थांबवायला सांगितलंय, रजा शिल्लक नाही, पण राजीनामा दिला तर कंपनी नोटीस न मागता लगेच सोडायला तयार आहे. मी विचारलं, मग अडलंय कुठे. तिने कॅलेंडरवरच्या गोलाचं सांगितलं.

"जमीन गेल्यापासून बाबा पहिल्यांदा कशाची तरी वाट बघतायत," ती म्हणाली. "मी ते कसं मोडू, मॅडम?"

मी तिला परोपरीने सांगितलं की वडिलांशी बोल. तिने उलट माझ्याकडूनच वचन घेतलं की मी बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी ती बंगळूरला परत गेली.

सोमवारी तात्या आले. जिन्यात आवाज नाही, भावाची चौकशी नाही. खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारलं, "उभं पीक सोडून दिलं, तर खंड पडतो का?"

मी म्हटलं, नाही. जे हातात आलंच नाही त्यावर कर कसला. ते कंपनीकडे परत जातं, इतकंच.

"मला ठावं हाय. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मी काळजीपूर्वक विचारलं की पीक सोडतंय कोण.

"वैशू. तिला अजून ठावं नाय."

मग त्यांनी सांगितलं. जत्रेला तिच्या आवडीची कोळंबी केली होती. तिने भाकरीचा तुकडा हातात धरला तो धरलाच. फोनवर सगळे आकडे बरोबर सांगते, पण दिवाळीपासून एकदाही हसली नाही. तात्यांनी तिला काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती बरं हाय म्हणाली असती.

माझा धंदाच असा की मी कॅल्क्युलेटर ओढला. शंभर शेअर, आजचा भाव, कर वजा जाऊन हातात किती. पाच-सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे, असंही बोलून गेले. तात्यांनी त्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बंगळूरची बस कळंबोलीहून किती वाजता सुटते एवढंच विचारलं.

पुढचं वैशालीनेच मला नंतर सांगितलं. सकाळी आठ वाजता दार वाजलं तर बाहेर बाबा, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. चहा प्यायले. घर बघितलं. मग म्हणाले, राजीनामा लिही. तिने मार्चचं नाव काढलं, तर म्हणाले, "गेलं पीक तर जाऊ दे. आमी काय उपाशी नाय." ती लॅपटॉपसमोर बसून रडायला लागली. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते तात्यांना कधीच कळलेलं नाही. ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी बोंबील भाजायला घेतले. वरच्या मजल्यावरून तक्रार आली, तेव्हा राजीनामा लिहून झाला होता.

चार दिवसांनी बापलेक दोन बॅगा घेऊन विचुंब्याला उतरले. वैशाली पंधरा दिवस नुसती झोपली. मार्चअखेरची तारीख आली आणि गेली. मेमध्ये तिला बेलापूरला नोकरी मिळाली. लहान कंपनी, नुसता पगार, शेअर नाहीत. हाताशी होते ते शेअर तिने विकून टाकले. फायद्यातले साडेबारा टक्के सरकारला गेले.

परवा तात्या रिटर्नचे कागद घेऊन आले. मी चेष्टेने म्हटलं, सुटलात. विकले त्या वर्षाचा हिशेब दाखवला की परदेशी माल संपला. त्यानंतर तुमचं रिटर्न पाच मिनिटांचं. हा जिनासुद्धा चढायला नको.

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते पिशवीची कड दुमडत बसले.

मग म्हणाले की वैशूची आई होती तेव्हा मायलेकी तासन्‌तास बोलायच्या. ती गेल्यावर फोन त्यांच्या हातात आला. जेवलीस का, जेवले. बरं हाय का, बरं हाय. दोन मिनिटांत संपायचा. माझ्याकडून उत्तर कळलेलं असूनही एका रविवारी त्यांनी सहज ते तेरा शेअर कुठे गेले असं विचारलं, तर पोरगी अर्धा तास बोलली.

"मला शेअर काय करायचेत, बाय," ते म्हणाले. "आता रोज समोर जेवाय बसते. पन काय बोलायचं ते सुचत नाय."

त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. वैशालीच्या नव्या नोकरीची पगाराची स्लिप.

"यातनं काय काय कापतात ते सांग. सावकाश सांग. घरी जाऊन तिला विचाराय पायजे."

बाहेर चार माणसं खोळंबली होती. मी दार लोटून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पाऊण तासात आम्ही भविष्य निर्वाह निधीपर्यंतच पोचलो. खरं तर सगळी स्लिप दहा मिनिटांची होती. उरलेलं मी पुढच्या सोमवारवर ठेवलं.